लिअँडरच्या तीन फेऱ्या

१४ नोव्हेंबर, मंगळवार

ही वही बर्नीनं दिली. म्हणाली, "वकिलीचं शेवटचं वर्ष आहे तुझं. लिहून ठेव, नाहीतर घरी बसल्यावर रोज फोन करून मलाच विचारशील, तो अमका खटला कसा होता गं." बावीस वर्षं माझं ऑफिस सांभाळते आहे, तिला बोलायचा हक्क आहे.

तीस जूनला कुलूप लावायचं. तोपर्यंत एखादा तरी खटला असा जिंकायचाय की कोर्टात लोक म्हणतील, विल्मा टॉर्गरसन गेली, पण काय गेली! गेल्या दोन वर्षांत मी नुसते समझोते केलेत.

दुपारी मार्सेला ह्रुस्का आली, मागोमाग तिचा नवरा. मार्सेला आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. शाळेच्या वाचनालयात होती तेव्हा गावातल्या निम्म्या पोरांना तिनं वाचायला लावलं. आम्ही कॉयरमध्ये एकत्र आहोत ती वर्षं मोजत नाही आता. लिअँडर कागदाच्या गिरणीत मशीनवर होता, निवृत्त झाला. लग्नाकार्यात एक बियर हातात धरून चार तास उभा राहणारा माणूस.

आणि त्याला परवा रविवारी दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं! तेही भर दुपारी, पॅकर्सचा फुटबॉल सामना टीव्हीवर चालू असताना, शेरीफच्या कचेरीसमोर.

मी विचारलं, "लिअँडर, काय झालं?"

"प्यायलो होतो," तो म्हणाला.

"तू गप्प बस," मार्सेला म्हणाली. "विल्मा, याला सोडव. बाकी मला काही माहीत नाही. तू सोडवशील ना?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बोलताना पेपरमिंटचा वास येतो तिला नेहमी. मला लहानपणचं चर्चच आठवतं त्या वासानं. अशी बायको मिळायला भाग्य लागतं, असं मनात आलं.

१७ नोव्हेंबर

पोलिसांचे कागद आले. रक्तात पॉइंट सोळा. मर्यादा पॉइंट शून्य आठ, म्हणजे दुप्पट. आमच्या विस्कॉन्सिनात पहिल्या वेळेला हा फौजदारी गुन्हासुद्धा धरत नाहीत, दंडाची पावती असते. बाहेरच्या राज्यातले लोक हसतात आम्हाला. पण पॉइंट पंधराच्या वर गेलं की पहिल्याच वेळेला गाडीत ते यंत्र बसवायचा हुकूम होतो. फुंकर मारायची, श्वासात दारू सापडली तर गाडी सुरूच होत नाही. आरोपीचं नाव ज्या ज्या गाडीच्या कागदावर असेल त्या प्रत्येक गाडीला, वर्षभर.

लिअँडरचं नशीब बघा. मार्सेलाची गाडी इतकी वर्षं तिच्या एकटीच्या नावावर होती. ऑक्टोबरच्या शेवटी यानं स्वतःचं नाव त्यात घालून घेतलं. पंधरा दिवस थांबला असता तर तिची गाडी तरी वाचली असती. फोनवर मी त्याला तसं म्हटलंही. तो म्हणाला, "हो. कागद वेळेत झाले." त्याला काय म्हणायचं होतं देव जाणे. गोंधळलाय बिचारा.

२१ नोव्हेंबर

सापडलं!

शेरीफच्या डेप्युटीनं, यारोशनं, लिहिलंय की ह्रुस्काच्या ट्रकनं कचेरीभोवती तीन फेऱ्या मारल्या, अगदी हळू, म्हणून थांबवलं. बस. एवढंच. लाल दिवा तोडला नाही, रेघ ओलांडली नाही, कुणाला धक्का लागला नाही. पोलिसाला गाडी थांबवायला काहीतरी कारण लागतं, आणि हळू चालवणं हे कारण नाही. थांबवणंच बेकायदा ठरलं की पुढचं सगळं, रक्ताची तपासणीसुद्धा, केराच्या टोपलीत.

बर्नी म्हणाली, "बाईसाहेब, तुमचे गाल लाल झालेत."

"झाले तर झाले."

"मला एक सांग. पिऊन पोलिसांच्या दारात तीन चकरा कोण मारतो?"

"प्यायलेला माणूस."

"माझा मेव्हणा पितो. तो पोलिसाची गाडी दिसली की चर्चच्या मागून जातो."

तिला सगळ्यातच काहीतरी खोच दिसते.

६ डिसेंबर

आज लिअँडर एकटा आला. मार्सेला चर्चमध्ये पोरांच्या नाताळच्या तालमीला गेली होती. एरवी तोच तिला सोडतो आणि तालीम संपेपर्यंत बाहेर गाडीत बसून राहतो, थंडी असो वा वारा. आज म्हणे फादरांनी तिला घरी सोडायचं कबूल केलं होतं. मार्सेलानं केलेले कोलाचे, खसखस भरलेले गोड पाव, आणले होते त्यानं. खुर्चीच्या टोकावर बसला, टोपी गुडघ्यावर.

"मला कबूल करून टाकायचंय," तो म्हणाला.

मी हसले. "लिअँडर, सगळ्यांना असंच वाटतं. माणसाला लाज वाटली की शिक्षा हवीशी वाटते. दोन महिन्यांनी वाटणार नाही."

"पण मी केलंय ते. समजून उमजून केलंय."

"तुम्ही काय केलंत हा प्रश्नच नाही. यारोशनं काय केलं, हा प्रश्न आहे."

तो म्हणाला, "हरलो तर यंत्र दोन्ही गाड्यांना लागेल ना? ते पॉइंट पंधराचं खरं आहे ना?"

"हरणार नाही. एकाही गाडीला लागू देणार नाही."

"वकीलबाई, समजा एखाद्याला..."

तेवढ्यात न्यायाधीशांच्या कारकुनाचा फोन आला, सुनावणीची तारीख ठरवायची होती. मला १८ जानेवारी मिळाली, हवी तशी. फोन ठेवून बघते तर लिअँडर टोपी घालून दारात उभा.

"तुम्ही काहीतरी सांगत होतात."

"काही नाही. तुमचा वेळ घेतला."

कोलाचे बर्नीनं आणि मी संपवले.

२४ डिसेंबर

नाताळची प्रार्थना. मार्सेला हल्ली फार संथ वाजवते, आमचा श्वास पुरत नाही ओळ संपेपर्यंत. वय होतंय सगळ्यांचं. बाहेर तिच्या गाडीचा पुढचा दिवा फुटलेला दिसला. म्हणाली, वाण्याच्या दुकानाबाहेर कुणीतरी ठोकून पळालं. लिअँडर बाजूला उभा राहून बर्फ बघत होता. काय माणसं असतात एकेक! ठोकायचं आणि थांबायचंही नाही.

१८ जानेवारी

जिंकले. झोप येणार नाही म्हणून सगळं लिहून ठेवते.

यारोश पंचविशीतला, नवा गणवेश, कान लाल. मी त्याला उभा केला.

"किती वेगानं चालवत होते ह्रुस्का?"

"बारा-पंधरा मैल, मॅडम."

"मर्यादा?"

"पंचवीस."

"पंचवीसच्या खाली चालवायला बंदी आहे?"

"नाही, मॅडम."

"तीन फेऱ्यांत वळणं किती?"

त्यानं मनात मोजलं. "बारा."

"वळायचा दिवा किती वेळा दाखवला?"

"बाराही वेळा."

"आणि थांबण्याच्या पाटीपाशी?"

"पूर्ण थांबले. प्रत्येक वेळी."

"तुम्ही थांबता, डेप्युटी यारोश? प्रत्येक वेळी? पूर्ण?"

लोक हसले. न्यायाधीशही खाली बघून हसले.

"रस्त्यावर दुसरं कोण होतं?"

"कुणीच नाही. सामना चालू होता, मॅडम. चिटपाखरू नव्हतं."

"मग थांबवलंत का?"

"मला बरोबर वाटलं नाही. मिस्टर ह्रुस्कांना मी लहानपणापासून ओळखतो. तिसऱ्या फेरीला त्यांनी काच खाली करून आमच्या खिडकीकडे बघितलं. कुणीतरी बाहेर यावं म्हणून वाट बघत असल्यासारखं."

"वाटणं हे कायद्यात कारण नसतं. हे तुम्हाला शिकवलं नाही?"

"शिकवलंय, मॅडम."

"मग पुढच्या वेळी लक्षात ठेवा."

न्यायाधीशांनी जागेवरच निकाल दिला. थांबवणं बेकायदा, तपासणी बाद. सरकारी वकिलानं तिथेच खटला मागे घेतला. मार्सेलानं मला मिठी मारली, सोडेचना. लिअँडर खुर्चीतून उठला नव्हता.

"म्हणजे यंत्र नाही?" त्यानं विचारलं.

"नाही."

"कुठल्याच गाडीला नाही?"

"कुठल्याच नाही!"

त्यानं मान हलवली आणि बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसला. सुटकेनं बधिर होतात माणसं, मी पाहिलंय.

१९ जानेवारी, शुक्रवार

तळ्याकाठच्या क्लबात बर्नीला जेवायला नेलं. तळलेला मासा, बटाट्याचे पॅनकेक, ब्रँडी ओल्ड फॅशन्डचे ग्लास. बारवाल्यानं तिसरा ग्लास स्वतःहून पाठवला, "यारोशच्या पोराला पाणी पाजलंत म्हणे!" घरी जाताना बर्नी म्हणाली, "चावी इकडे दे." मी म्हटलं, "अगं तीनच तर झाले, रस्ता पाठ आहे मला." नीट पोचवलं तिला दारापर्यंत.

मजा आली. पुष्कळ दिवसांनी.

२१ मार्च, बुधवार

मार्सेलानं माणूस मारला.

सकाळी साडेदहाला, काउंटीच्या रस्त्यावर. डेल विकस्ट्रॉम म्हणून दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर होता, चव्वेचाळीस वर्षांचा. बर्फ लोटणाऱ्या ट्रकनं त्याच्या घरासमोरची टपालपेटी पाडली होती, ती तो परत खांबाला ठोकत होता. मार्सेलाची गाडी रस्ता सोडून सरळ त्याच्या अंगावर गेली. त्याची बायको खिडकीत होती.

मार्सेलाच्या रक्तात पॉइंट एकवीस. सकाळी साडेदहाला.

बर्नीनं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "काहीतरी चूक आहे. मार्सेला पीत नाही." बर्नी माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि बसली. एरवी ती ऑफिसात माझ्यासमोर बसत नाही.

२२ मार्च

काही नाही लिहायला.

२४ मार्च

लिअँडर आला. यावेळी टोपी नव्हती, केस विस्कटलेले. मला वाटलं मार्सेलासाठी वकील हवाय. मी आधीच सांगायला लागले की मला हा खटला घेता येणार नाही, दुसरं नाव देते. त्यानं हात वर केला.

"तिला वकील मिळालाय. मी त्यासाठी नाही आलो. तुम्हाला कुठूनतरी कळणारच, म्हटलं माझ्याकडून कळावं. मी मुद्दाम प्यायलो होतो त्या दिवशी."

मी पेन खाली ठेवलं.

"अकरा वर्षं झाली. पिठाच्या डब्यात बाटली ठेवते. चावी लपवली की दुसरी करून आणते. मीच नेतो-आणतो तिला, पण मी चोवीस तास कुठे पुरणार? दोनदा ठोकलं तिनं. मी तिला वचन दिलंय, कुणाला सांगणार नाही म्हणून. फादरांनासुद्धा नाही सांगितलं. यंत्र आपणहून बसवू म्हटलं तर म्हणाली, चर्चच्या दारात मी त्या नळीत फुंकणार? त्यापेक्षा तळ्यात जाते. आणि ती गेली असती, वकीलबाई. तुम्ही ओळखता तिला."

मी ओळखते तिला! कसली ओळखते!

"मग वाटलं, कोर्टानंच बसवलं तर? माझ्यामुळे? म्हणजे गाव म्हणेल, म्हाताऱ्या ह्रुस्काला प्यायची सवय लागली, बायकोला भोगावं लागतंय. तिला काही म्हणणार नाही. तिच्या गाडीवर नाव घालून घेतलं. किती प्यायलं की पॉइंट पंधराच्या वर जातं ते वाचून काढलं. सामन्याचा दिवस निवडला, रस्ता मोकळा असतो. त्यांच्या कचेरीच्या मागच्या पटांगणात बसून प्यायलो, म्हणजे लांब चालवायला नको. दोन फेऱ्या झाल्या तरी कुणी बाहेर येईना."

"एखादा लाल दिवा तोडायचा होता," मी म्हटलं. हे माझ्या तोंडून कसं आलं, माहीत नाही. वकील बोलला तो.

"तोडणारच होतो," तो म्हणाला. "पाय आपोआप ब्रेकवर गेला. चाळीस वर्षांची सवय. आणि समजा, कुणी आलंच असतं आडवं?"

"मला का नाही सांगितलंत? मी वकील आहे तुमची. इथलं बोलणं या खोलीबाहेर गेलं नसतं, तुमचं वचनही मोडलं नसतं फारसं."

तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"सांगत होतो," तो म्हणाला. "तुम्ही म्हणालात, मी काय केलं हा प्रश्नच नाही."

३१ मार्च

जुनी पानं वाचली. दिवा फुटलेला. पेपरमिंट. "कागद वेळेत झाले." सगळं मीच माझ्या अक्षरात लिहून ठेवलंय आणि दरवेळी खाली माझी अक्कल पाजळलीय. पानं फाडावीशी वाटली. नाही फाडली.

नियमाप्रमाणे कबूल करायचं की लढायचं, हे अशिलानं ठरवायचं असतं. नव्या वकिलाला पहिल्याच महिन्यात हे शिकवतात. त्यानं ठरवलं होतं. स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. मी त्याला त्याच्याच खटल्यात विचारलं नाही, कारण मला जिंकायचं होतं.

११ एप्रिल

यारोश आला. साध्या कपड्यांत, सुट्टीच्या दिवशी. बर्नीनं त्याला कॉफी दिली आणि बाहेरचा दरवाजा लावून घेतला.

"मी दोष द्यायला नाही आलो, मॅडम," तो म्हणाला. "एक विचारायचंय. कायद्याचं."

"विचार."

"त्या सकाळी मी मिसेस ह्रुस्कांच्या मागे होतो. दोन मैल. वीसच्या वेगानं चालल्या होत्या, पंचावन्नच्या रस्त्यावर. पण आपल्या रेघेत. वळताना दिवा दाखवला. मला बरोबर वाटलं नाही. मी वरच्या दिव्यांच्या बटणावर बोट ठेवलं होतं." त्यानं बोट दाखवलं, टेबलावर ठेवून. "मग तुमचं आठवलं. बारा वळणं. लोक हसले होते ते. मी वळलो, कॉफी घ्यायला गेलो. आठ मिनिटांनी फोन आला."

"ट्रेव्हर," मी म्हटलं. त्याचं नाव ट्रेव्हर आहे हे मला तोवर उच्चारायची गरज पडली नव्हती.

"मला फक्त सांगा. थांबवता आलं असतं का? कायद्यानं?"

पंचावन्नच्या रस्त्यावर वीस, हे कचेरीभोवतीच्या गल्लीतलं बारा-पंधरा नव्हे. एखाद्या न्यायाधीशानं पुरेसं धरलं असतं, एखाद्यानं नसतं. मी उभी असते तर बहुतेक पाडलं असतं. 'नाही' म्हटलं तर त्याचा भार उतरणार होता. माझाही थोडा. पण हा पोरगा आयुष्यभर त्या उत्तरावर गाडी चालवणार.

"आलं असतं," मी म्हटलं. "कोर्टात टिकलं असतं की नाही, सांगता येत नाही. पण थांबवता आलं असतं. आणि तुला थांबवू दिलं नाही ते मी. पुढच्या वेळी बटण दाब. कोर्टात मग माझ्यासारखी कुणीतरी तुला हसू दे."

त्याचे कान पुन्हा लाल झाले. रडला थोडा. मी उठून खिडकीपाशी गेले, त्याला आवरू दिलं.

७ जून

मार्सेलानं गुन्हा कबूल केला. तिच्या वकिलाला लढायचं होतं, रक्त घ्यायला उशीर झाला वगैरे काहीतरी सापडलं होतं त्याला. ती म्हणाली, नको. न्यायाधीश एकेक प्रश्न विचारत होते, "समजलं का?" आणि ती दरवेळी "समजलं" म्हणत होती, वाचनालयात मुलांशी बोलायची तशा हळू आवाजात. आठ वर्षं तुरुंग.

विकस्ट्रॉमची बायको उभी राहिली. कागद आणला होता, वाचला नाही. म्हणाली, "ती पेटी अजून तशीच पडलीय. टपालवाला दारात आणून देतो." आणि बसली.

मी मागच्या बाकावर होते. बाहेर पडताना तिच्यापर्यंत गेले. नाव सांगितलं, जानेवारीतला खटला सांगितला. तिला सगळं माहीत होतं. "आता मी काय करू त्याचं?" तिनं विचारलं. खरंच विचारत होती. ती पार्किंगकडे चालू लागली.

३० जून

कुलूप लावलं. बर्नी रडली नाही, म्हणाली, "किल्ली विसरलीस तर फोन करू नकोस." समारंभ मी आधीच नको म्हणून सांगितलं होतं.

८ सप्टेंबर, शनिवार

लिअँडरनं दोन्ही गाड्या विकल्या. घरात गाडी नको म्हणतो. तुरुंग इथून अडीच तास. जुलैपासून दर दुसऱ्या शनिवारी मी त्याला नेते. विचारलं मीच. त्यानं दोन दिवस घेतले, मग हो म्हणाला.

जाताना तो बोलत नाही, मीही बोलत नाही. पहिल्या खेपेला मी दोन-तीनदा काहीतरी काढलं बोलायला, हवा, मका, रस्त्याची दुरुस्ती. आता काढत नाही. मार्सेला मला भेटत नाही. मी बाहेर बसते.

आज परतताना, वॉटोमा गावाच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना क्रॅनबेरीची शेतं होती. तो एकदम म्हणाला, "पहिल्यांदा तिनं घेतली ना, त्या दिवशी..." आणि थांबला. माझ्याकडे बघितलं.

मी वळायचा दिवा दाखवला, गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. मागून दोन ट्रक गेले.

"सांगा," मी म्हटलं.

तो तासभर बोलला. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. काय बोलला ते इथं लिहीत नाही.